सहाव्या झेंड्यामागचं घर

लोकांचं माझ्याशी एवढंच काम असतं, अंतर विचारायचं. तोफखान्यात बावीस वर्षं मी टेकडीवर बसून लक्ष्य किती लांब आहे ते सांगत होतो. हवालदार होऊन घरी आलो आणि वाईच्या अलीकडं, कृष्णाकाठी झालेल्या गोल्फच्या मैदानावर कॅडी झालो. म्हणजे साहेबलोकांची काठ्यांची पिशवी वाहायची आणि चेंडूपासून झेंडा किती यार्ड ते सांगायचं. माझी दोन यार्डांपेक्षा जास्त चूक झालेली कुणी दाखवावी. हंबीररावाची नजर म्हणजे नजर, असं पुण्याची मंडळीसुद्धा म्हणायची.

मग ते यंत्र आलं. मुठीत मावणारी दुर्बीणच ती. बटण दाबलं की लेझरचा किरण झेंड्याला जाऊन लागतो आणि आत आकडा उमटतो. साताऱ्याच्या डॉक्टर प्रियदर्शनी दर बुधवारी खेळायला येतात, त्यांची पिशवी माझ्याकडं. त्यांनी ते विकत घेतलं तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीन महिने मी त्याला बोटसुद्धा लावलं नाही. डॉक्टर यंत्र डोळ्याला लावेपर्यंत मी आकडा सांगून मोकळा व्हायचो. एकशे अठ्ठेचाळीस, मी म्हणायचो. एकशे सत्तेचाळीस, असं म्हणून त्या हसायच्या.

"वारं कुठं कळतंय तुमच्या खेळण्याला?" मी सुनवायचो.

सहाव्या होलवर, म्हणजे सहाव्या झेंड्याच्या खेळाला, मात्र आकडा सांगितला की मी लगेच नदीकडं पाठ करायचो. तिथं झेंड्याच्या बरोबर मागं, नदीपलीकडं, निळ्या टाकीचं एक घर आहे. ते माझ्या लेकीचं, शिवांजलीचं.

चार वर्षांपूर्वी शिवूनं मिलिंदशी लग्न केलं. तो बौद्ध, आम्ही मराठे. भावकीत मान खाली जाईल म्हणून मी आकाशपाताळ एक केलं. पोरगा शिक्षक, निर्व्यसनी, बोलायला नम्र. एखादी खोट सापडली असती तर मला बरं वाटलं असतं. लग्नाला मी गेलो नाही. "त्या घराच्या उंबऱ्याला पाय लावला तर हंबीरराव नाव सांगणार न्हाई," असं चारचौघांत बोलून बसलो. घरात तिचं नाव काढायचं नाही, अशी ताकीद बायकोला, अंजनाला दिली. तिनं ती पाळली. मलाच ती पाळवेना. सकाळी चहाचा पहिला घोट घेतला की शिवू आठवायची, कारण माझ्या चहात चोरून जास्त साखर घालणारी घरात ती एकटीच होती. मला माझी लेक हवी होती, आणि हे सांगायचं तोंड मीच बंद करून घेतलं होतं.

परवाच्या बुधवारी माझं गणित बिघडलं. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू धरलाय. चौथ्या आणि पाचव्या होलवर मी बारा-बारा यार्डांनी चुकलो. सहाव्यावर डॉक्टरांनी ते यंत्र माझ्या हातात ठेवलं.

"आज तुम्हीच बघा. मला हातमोजा घालायचाय."

हातमोजा त्यांनी सकाळीच घातला होता. मी यंत्र डाव्या डोळ्याला लावलं, झेंडा धरला आणि बटण दाबलं.

"किती?"

"पाचशे बारा."

"अहो हंबीरराव, दीडशेचा होल आहे हा! तुमचा हात हलला असणार. किरण झेंड्याच्या बाजूनं निसटून मागं कशाला तरी लागलाय. पुन्हा बघा."

पुन्हा बघितलं आणि झेंडा विसरलो. समोर निळ्या टाकीची गच्ची होती. एका बाजूला डाळ वाळत घातलेली, आणि तिच्या शेजारी माझी बायको बसलेली. हिरवी साडी, मीच लष्कराच्या कँटीनमधून आणलेली. दर बुधवारी ती बहिणीला, सुलाबाईला बघायला म्हणून रहिमतपूरला जायची. सहा महिने झाले तरी सुलाबाईचं दुखणं हटत नव्हतं. हे असलं कसलं दुखणं, असं मलाही वाटायचं.

डोक्यात तिडीक गेली. माझ्या नाकावर टिच्चून! आज घरी येऊ दे, हिला बघतोच, असं मी दातओठ खात म्हणालो. तेवढ्यात अंजना जरा बाजूला वळली आणि तिच्या पसरलेल्या पायांवर काय आहे ते दिसलं. एक उघडंनागडं बाळ पालथं पडलं होतं, आणि ती त्याची पाठ तेलानं चोळत होती.

शिवू पंचा घेऊन वर आली. वाळली होती. तिनं बाळाला गुंडाळून घेतलं, कठड्याशी आली आणि त्याचा इवलासा हात धरून मैदानाकडं दाखवला. आम्हा कॅडींना लाल जाकीट असतं, लांबूनही दिसतं. ती मलाच दाखवत होती. मी तिच्याकडं पाठ करून उभा असताना किती बुधवार ती अशी दाखवत आली असेल, कोण जाणे.

"आता किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"डॉक्टर, मला नातवंड हाय," मी म्हणालो.

त्यांनी यंत्र काढून घेतलं, आत बघितलं नाही. "गाडी बाहेरच आहे. चला."

"आवं, नवातले अजून चार होल ऱ्हायल्यात."

"राहू देत."

सरळ रेषेत पाचशे बारा यार्ड, पण मधे नदी. पुलावरून फिरून सात किलोमीटर पडतं. वाटेत मी दोनदा गाडी वळवायला सांगितली, डॉक्टरांनी ऐकलं नाही. आमच्यात लेकीला मूल होईपर्यंत आईबाप तिच्या घरचं पाणी पीत नाहीत. मूल झालं की आजा हक्कानं जाऊन मागतो. पण शिवूच्या घरचं पाणी आमच्यापैकी कुणी प्यायचं नाही, हे मी दुसऱ्याच कारणानं भावकीत ठणकावून सांगितलं होतं. ते सगळं गाडीत बसल्या बसल्या मला आठवलं, आणि माझी मलाच लाज वाटली.

डॉक्टर गाडीतच थांबल्या. दार उघडंच होतं. मला बघून अंजना जिन्यातच थिजली. शिवू बाळाला कडेवर घेऊन उंबऱ्याशी आली. ना रडली, ना हसली.

"शिवू, पाणी दे गं," मी म्हणालो.

ती जागची हलली नाही. माझाच ताठा तिच्यात उतरलाय.

"भाईर आणून देऊ, का आत येऊन पिताय?"

मला तो प्रश्न लागला. लागायलाच हवा होता.

"आत," मी म्हणालो.

पायरीवर बसून मी बूट काढायला लागलो. दोन्ही डोळे भरून आलेले. नाड्या काही सुटेनात. ओढल्या तशा आणखीच आवळल्या. मागून अंजनाचं हुंदके देणं ऐकू येत होतं. शेवटी शिवू उंबरा ओलांडून खाली आली, तिनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं आणि माझ्या पायाशी बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागली.