वरचे नऊ दिवस

चुन्नीलालने काउंटरखालून हिरवा डबा काढला आणि प्रेमिलासमोर ठेवला. तिने पिशवीतली चिठ्ठी अजून बाहेरही काढली नव्हती.

"केशोभाऊ का सुबह ही फोन आया था, भाभी. रिन्यूअलवाला, तीन साल का. अलग रखा है."

प्रेमिलाने तरीही चिठ्ठी उलगडली. केशोरावने, तिच्या नवऱ्याने, ती कुणाच्या तरी रद्द अर्जाच्या पाठीवर लिहून दिली होती. नवा अँटिव्हायरस घ्यायचा नाही, जुन्याचंच रिन्यूअल घ्यायचं, स्वस्त पडतं. मुदत संपायला नऊ दिवस आहेत; आधी भरलं तर ते नऊ दिवस वर जोडून मिळतात. आणि डबा तीन वर्षांचाच घ्यायचा, दोनच्या पैशात तीन वर्षं निघतात. 'तीन'खाली दोन रेघा मारल्या होत्या.

सडक अर्जुनीला हायवेलगत केशोरावचं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान होतं. दोन कम्प्युटर, एक मशीन. येणारा प्रत्येक जण पेनड्राइव्ह घेऊन येई आणि जाताना आपला व्हायरस ठेवून जाई, म्हणून अँटिव्हायरसवर तो मुकाट्याने खर्च करी. बाकी चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, असा माणूस. लग्नातल्या हारांचा दोरा सोडवून त्याने वर्षभर पुड्या बांधल्या होत्या, हे प्रेमिला अजून हसत सांगे. जे वापरायचं नाही त्याचा पैसा द्यायचा नाही, हे तो बावीस वर्षं तिला ऐकवत आला होता.

दर वेळी गोंदियाला चुन्नीलालच्या दुकानात तोच येई. यंदा त्याचे पाय सुजले होते.

तीन आठवड्यांपूर्वी नागपूरच्या डॉक्टरांनी प्रेमिलाला बाहेर बोलावलं, तेव्हा केशोराव आत शर्टाची बटणं लावत होता. "दिवाळीपर्यंत," डॉक्टर म्हणाले. "पुढचं मी नाही सांगू शकत, बाई." तेवढ्यात केशोराव बाहेर आला आणि काय म्हणाले म्हणून विचारू लागला. लिव्हरला सूज आहे, सहा महिने गोळ्या घ्यायच्या, असं प्रेमिलाने तिथल्या तिथे रचून सांगितलं. त्याला ते पटलं, किंवा पटवून घ्यायचं होतं. मुलगी समीक्षा नागपूरला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. मे महिन्यात तिची परीक्षा. ती झाली की आपण सुटलो, असं तो रोज जेवताना म्हणायचा आणि दोन घास जास्त खायचा. त्या दोन घासांसाठी प्रेमिला खोटं सांभाळत होती.

आणि आता पोळा होऊन आठ दिवस झाले होते.

डब्यावर मोठा तीनचा आकडा होता. प्रेमिला त्याच्याकडे बघत राहिली. तीन वर्षं कम्प्युटरपुढच्या त्या खुर्चीवर कोण बसणार होतं?

"एक वर्षाचा द्या, भाऊ," ती म्हणाली.

"अरे भाभी, तीनवाला सस्ता पडता है. केशोभाऊ मुझे चिल्लाएंगे."

"एकच द्या."

बस गोरेगाव सोडून निघाली तेव्हा तिने पिशवीतून डबा बाहेर काढला. डब्यावरचा एकचा आकडा तिच्याकडे बघत होता. आपण काय करून बसलो? त्याचाच धडा गिरवला होता तिने, जे वापरायचं नाही त्याचा पैसा द्यायचा नाही. तीनचा संपला होता म्हणावं, तर त्याने स्वतः फोन करून ठेवायला लावलेला. चिठ्ठी हरवली म्हणावं, तर ती न बघताच चुन्नीलालने डबा पुढे ठेवला होता. कोहमारा येईस्तोवर तिला एकही धड थाप सुचली नाही. ती स्वतःवर इतकी चिडली की शेजारच्या बाईने "काय झालं वो?" म्हणून विचारलं.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. केशोराव खुर्चीत नव्हता, गिऱ्हाइकांच्या स्टुलावर भिंतीला टेकून बसला होता. तिने डबा टेबलावर उपडा ठेवला. त्याने तो सरळ केला.

"चुन्नीलालचा फोन आला होता," तो म्हणाला. "म्हने, भाभीनं एकवालाच नेला. समजवा म्हने तिले."

"पैसे कमी पडले जी."

"मी मोजून देल्ले होते."

ती पदराने तोंड पुसत राहिली. आता तो ओरडेल, असं तिला वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. पण त्याने खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"बस. तूच टाक नंबर."

"मले कुठं येते?"

"येईल. मी सांगून राहिलो ना."

प्रेमिला त्या खुर्चीत पहिल्यांदाच बसली. डब्यातला कागद डोळ्यांजवळ धरून तो एकेक अक्षर सांगू लागला, ती एका बोटाने शोधून दाबू लागली. एकदा चुकलं, त्याने ते पुसायचं कसं ते दाखवलं. मग पडद्यावर नावाची चौकट आली.

"तुझं टाक."

"आधीपासून तुमचं हाये ना?"

"तुझं टाक म्हनलो ना."

स्वतःच्या नावातली अक्षरं हुडकायला तिला फार वेळ लागला. डोळे भरून आल्यामुळे कळा दिसत नव्हत्या. तो थांबून राहिला. शेवटचं बटण दाबल्यावर पडद्यावर उरलेले दिवस आले. तीनशे चौऱ्याहत्तर.

केशोराव बराच वेळ तो आकडा वाचत होता.

"डाक्टर एक वर्ष म्हनला का?"

प्रेमिलाने मान वळवली नाही. बाहेर एक ट्रक हॉर्न वाजवत गेला.

"हो," ती म्हणाली. "एक वर्ष म्हनला."

केशोरावने श्वास सोडला. बोटांच्या पेरांवर त्याने महिने मोजले आणि मेपाशी अंगठा थांबवला.

"मंग समीक्षाची परीक्षा होऊन जाते त्याच्यात."

"होऊन जाते."

"अन् वरून हे नऊ दिवस." स्वस्तात काही मिळालं की त्याचा चेहरा जसा व्हायचा, तसा आत्ता झाला. "म्हनून म्हनत होतो, मुदत संपाच्या आधी भरावं."

"हो जी."

त्याने रिकामा डबा उघडून सपाट केला आणि कोऱ्या बाजूवर पुढच्या वर्षाची तारीख लिहिली, मुदतीच्या नऊ दिवस आधीची. मग तो पुठ्ठा तिच्यापुढे ठेवला.

"पुढच्या बारीले तीनवालाच आनजो," तो म्हणाला. "तुले लागंल."