ओव्या-लवंगेचं पाणी

तुकड्याला कल्ले नसतात, हीच खरी मेख. आख्खा मासा असला की बाई कल्ला उचलते, लाल दिसला की पिशवी पुढे करते. पण कापून, कातडं काढून डब्यात भरलेला मासा विकणारीच्या तोंडाकडे बघूनच घ्यावा लागतो. ऋतुजाच्या तोंडाकडे बघून अर्धं अष्टमी गाव जिताडा मासा घेत होतं.

पेणच्या खाडीकाठी तिच्या सासरचं जिताड्याचं तळं होतं. मासा काढला की लगेच कापायचा, ओवा-लवंग उकळून गार केलेल्या पाण्यात लिंबू-मीठ घालून तुकडे बुडवायचे आणि निथळून बर्फात ठेवायचे. पावडर नाही, औषध नाही, तरी नुसत्या बर्फातल्यापेक्षा मासा जास्त टिकायचा.

धाकटी बहीण प्रतिक्षा अष्टमीत दिलेली. तिच्या नवऱ्याची कंपनी बंद पडली तेव्हा ऋतुजानेच तिला हाताशी धरलं. डबे तिच्या फ्रीजमध्ये ठेवायचे, घरोघर तिने पोचवायचे. ते पाणी करायलासुद्धा शिकवलं, आणि बजावलं, "हे ताज्याला ताजं ठेवतं गो. शिळ्याला नाय."

एके दिवशी आमनाचाचीचा फोन आला. ऋतुजाचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. "बेटी, तुझ्या तुकड्यांना वास येतो. लवंगेच्या आड लपलेला."

ऋतुजा न सांगता अष्टमीला गेली. प्रतिक्षा मोरीत बसून मासे कापत होती. बाजारात न खपलेले, डोळे आत गेलेले. शेजारी ओव्या-लवंगेच्या पाण्याची बादली, आणि ऋतुजाच्या नावाचे डबे.

"काय गो हे?"

"तुझं येतं ते पुरत नाय, ताई. आणि कापल्यावर कोणाला कळतंय?"

ऋतुजाच्या अंगाचा तिळपापड झाला. परक्याने केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाली असती. पाठच्या बहिणीने केसाने गळा कापला, तर शिवी तरी कुठली घालायची? तिने बादली मोरीत उपडी केली.

तेव्हा मात्र प्रतिक्षाने पाय धरले. "कुणाला सांगू नको गो. सासरी तोंड दाखवायला जागा राहणार नाय."

मोठेपण म्हणजे एक खोडच असते. ऋतुजा तशीच आमनाचाचीकडे गेली आणि म्हणाली, "चाची, चूक माझी. शिळा मासा माझ्याकडूनच आला."

आमनाचाचीने सुस्कारा टाकला.

"प्रतिक्षा बोलली होती मला," ती म्हणाली. "म्हणे ताईच शिळं पाठवते, मोठी हाय, बोलायची चोरी. रडत होती बिचारी. मला काय पटत नव्हतं, म्हणून तर तुला फोन केला. म्हटलं, ऋतुजा नाय म्हणेल."

म्हणजे पाय धरायच्या कितीतरी आधी प्रतिक्षाने ऋतुजाला विकून टाकलं होतं. आता खरं सांगावं, तर आत्ताच स्वतःच्या तोंडाने दिलेली कबुली मधे उभी होती.

"चाची, मी..."

"जाऊ दे. कबूल केलंस, मोठं मन तुझं." आमनाचाचीने सरबताचा ग्लास तिच्या हातात दिला. "पण वाईट वाटून घेऊ नको हां बेटी. यापुढं तुझा डबा नको, मासा मी प्रतिक्षाच्या हातचाच घेईन."