दोन वर्षांचं प्रतिज्ञापत्र

‘आजारपणामुळे’ या शब्दावर प्रांजलनं स्क्रीनवरच बोट टेकवलं.

“हे काढा, काका.”

पनवेलच्या कोर्टाबाहेर छत्रीखाली लॅपटॉप मांडून बसलेल्या काशिरामांनी चष्मा वर सरकवला. “कॉलेजात गॅप पडलेली सगळी पोरं माझ्याकडून कावीळच लिहून नेतात. कंपन्यांना चालते.”

“मी मुलाखतीत खरं सांगितलंय. फी भरायला पैसे नव्हते.”

“आणि तरी घेतायत?”

“घेतील. गॅपचं प्रतिज्ञापत्र आज चारच्या आत मागितलंय, नवीन पनवेलच्या ऑफिसात.”

“बघ हां. पैशाचं लिहिलंस तर त्यांना वाटेल, दुसरीकडे जास्त मिळाले की ही पळाली.”

मागे उभ्या असलेल्या आईनं, भीमाबाईंनी, तिचा दंड धरला. “त्ये लिवतान तसं लिवू दे ना, बाय. आजारपनाला कोन नावं ठेवत नाय.”

“आये, परत कुणी विचारलं तर कुठली कावीळ सांगू?”

भीमाबाईंनी तिचा दंड सोडला. काशिरामांनी शब्द बदलला, ‘आर्थिक अडचणीमुळे’, आणि पुढचा नेहमीचा मजकूर भराभर वाचला. “सदर काळात मी घरीच होते व कोणतेही काम केले नाही. बरोबर?”

प्रांजलनं घड्याळाकडे बघत मान हलवली.

“घरी?” भीमाबाईंचा आवाज चढला. “कोन घरी होती? पाटेला बंदरावर, मंग दुपारपरत उरणच्या बाजारात मासली इकायची. दोन वरसं!”

काशिरामांची बोटं थांबली.

“आये, राहू दे.”

“का? लाज वाटते?”

“मला नाही.” प्रांजल हळू बोलली. “बाजारात का बसलीस विचारतील. मग तुझ्या ऑपरेशनचा विषय निघेल.”

भीमाबाईंनी शेजारचं स्टूल ओढलं. त्यावर बसून पदर सारखा केला. प्रांजलकडे न बघता म्हणाल्या, “लिवा, काका. माज्या जागेवर बसायची. मी दवाखान्यात होती. तिची फी माज्या ऑपरेशनात गेली.”

काशिरामांनी ‘घरीच होते’ पुसलं आणि सावकाश टाइप करू लागले.

छापलेला कागद गरम होता. भीमाबाईंना वाचता येत नव्हतं, म्हणून प्रांजलनं तो तिथंच, रांगेतल्या माणसांदेखत, मोठ्यानं वाचायला घेतला. आईच्या ऑपरेशनच्या ओळीपाशी ती थांबली.

“थांबू नको,” भीमाबाई म्हणाल्या. “मोठ्यानं वाच.”