पानं उलटणारी रौहा

“या टॅबलेटच्या वरच्या बाजूला बोट टेकवलं की उजवीकडचं काहीतरी उघडतं,” रौहा म्हणाली. “आणि हे तू दुरुस्त केलंस म्हणतोस?”

“दुरुस्त झालंय. फक्त आपल्याला उभं धरलंय हे त्याला अजून कळलेलं नाही,” वेइक्को म्हणाला. “चित्र उभं झालं, पण बोटाच्या हिशेबात तो अजून आडवाच आहे. रविवारी सकाळी तुझा ऑर्गनवाला आर्मास असतो ना, तसा.”

“तो उभाच असतो. बसलेला असतो म्हणजे.”

“तेच म्हणतोय मी.”

हाउकिरांता गावच्या वाचनालयात, मासिकांच्या कपाटामागच्या टेबलाशी, वेइक्को दर गुरुवारी दहा ते बारा बसायचा. कागद गिरणीच्या कंट्रोल रूममध्ये उभा जन्म काढून निवृत्त झालेला माणूस. आता गावाचे संगणक फुकटात सांभाळत होता आणि त्याबद्दल मनसोक्त कुरकुरत होता. त्याच्याकडे येणारे निम्मे लोक वायर न खोचताच ‘बिघडलंय’ म्हणत यायचे, उरलेले निम्मे गप्पा मारायला यायचे. रौहा पेल्तारी ही दोन्हींत बसत नव्हती. ती वही घेऊन यायची.

टॅबलेट तिने जुन्या बाजारात उचलला होता, स्केटिंगचे बूट आणि कॉफीची किटली यांच्या मधून. कुठल्याशा कंपनीने आपल्या फिरत्या विक्रेत्यांना दिलेला, पाटासारखा थोराड, मागे कुणाच्या तरी नावाची अर्धवट खरवडलेली चिठ्ठी. काच चांगली होती. पण आतली मूळ प्रणाली इतकी म्हातारी झाली होती की स्वरलिपी दाखवणारा एकही प्रोग्रॅम तिच्यावर चढायला तयार होईना. वेइक्कोने पेनड्राइव्हवरून लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली चढवली. पहिल्या गुरुवारी इंटरनेट लागलं नाही, दुसऱ्या गुरुवारी आवाज गेला.

“आवाज राहू दे,” रौहा म्हणाली होती. “आवाज ऑर्गनला आहे.”

गेली एकतीस वर्षं रौहा गावच्या चर्चमध्ये ऑर्गनच्या सज्जावर बसून पानं उलटत होती. आर्मास वाजवायचा, ती उलटायची. सज्जाला त्रेचाळीस पायऱ्या, गोल फिरत जाणाऱ्या आणि मांजरालाच बऱ्या पडाव्यात एवढ्या अरुंद. तिच्या उजव्या गुडघ्याने उन्हाळ्यात हात टेकले, आणि डॉक्टरीणबाईंनी पायऱ्यांचं नावच काढू नका म्हणून सांगितलं.

मग इतरांना बसवून पाहिलं. चर्चच्या शिपायाची बायको दोन पानं एकदम उलटायची. निवृत्त शाळामास्तर स्वरलिपी उत्तम वाचायचे, त्यामुळे आर्मासचं कुठे चुकलं तेही ते वाजवणं चालू असतानाच सांगायचे. त्या रविवारनंतर आर्मासने जाहीर केलं की रौहा नसेल तर आपणही नाही, नाताळनंतर राजीनामा. चर्चच्या कचेरीच्या कानावर हे पडायचीच खोटी होती. शेजारच्या गावचा वादक महिन्याच्या तिसऱ्या रविवारी येईल, बाकीचे रविवार ध्वनिमुद्रण लावू, असं त्यांचं ठरूनही गेलं होतं. म्हणजे आजोबा-पणजोबांच्या काळापासून वाजणाऱ्या ऑर्गनवर चादर पडणार होती, आणि तीही रौहाच्या गुडघ्यापायी. हे काही तिला झोपू देईना, म्हणून पानं टॅबलेटवर घेऊन पायाच्या बटणाने उलटायची असा बेत तिने काढला होता.

“बोटाची दिशा वळवणारे नऊ आकडे आहेत,” वेइक्को म्हणाला. “लिहून घे. पुन्हा सुरू केल्यावर विसरला तर हे द्यायचे. शून्य, एक, शून्य. उणे एक, शून्य, एक. शून्य, शून्य, एक.”

तिने लिहिले, परत वाचून दाखवले. पोस्टात खणाखणांत टपाल लावण्यात तिची सारी नोकरी सरली होती. आकडा चुकला की पत्र भलत्या तळ्याकाठी जातं, हे तिला कुणी सांगायला नको होतं. वेइक्कोने ते आकडे यंत्रात भरले. मग तिने वर बोट टेकवलं. वरचंच उघडलं.

“मानलं,” ती म्हणाली. वेइक्कोला एवढी स्तुती वर्षभर पुरली असती. “आणि हा मध्येच झोपतो का?”

“दहा मिनिटं कुणी हात नाही लावला की झोपतो.”

“मग ते काढ. पाद्रीबाई अठरा मिनिटं बोलतात. नाताळ जवळ आला की वीस.”

वेइक्कोने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. “हे माझ्या लक्षात आलं नसतं,” तो म्हणाला आणि लगेच कीबोर्डवर वाकला, कबुली दिल्याची लाज वाटल्यासारखा.

शुक्रवारी ती टॅबलेट घेऊन शेवटचं म्हणून सज्जावर चढली, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. आर्मास बाकावर हाताची घडी घालून बसला होता.

“पान पायाने उलटायचं म्हणे,” तो म्हणाला. “मला पाय दोन. दोन्ही ऑर्गनच्या कामात. तिसरा वेइक्को देणार आहे का?”

“पान संपताना तुझा डावा पाय मोकळा असतो.”

“कुणी सांगितलं?”

“मी बघतेय इतकी वर्षं. जिथे नसतो तिथे मी पान आधीच कापलंय.”

तिने खरंच कापलं होतं. महिनाभर घरी बसून एकेक पान स्कॅन करून, जिथे त्याचा डावा पाय रिकामा होतो नेमकं तिथे नवं पान सुरू होईल असं. रौहाला स्वरलिपी फारशी वाचता यायची नाही. पान संपत आलं की आर्मास नाकाने एक छोटा श्वास घ्यायचा, त्यावर तिचं काम चालायचं. हे तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्याने तो मुद्दाम घेतला असता आणि सगळं बिघडलं असतं.

आर्मासने वाजवून पाहिलं. डाव्या पायाने छोटं बटण दाबलं, पान पालटलं. त्याने आणखी चार पानं वाजवली. “बघू रविवारी,” तो म्हणाला, आणि स्वरलिपीच्या पुस्तकाला लावायचे दोन लाकडी चिमटे बाकावरून उचलून खिशात टाकले.

नाताळच्या आधीचा चौथा रविवार, सणाची सुरुवात करणारा. चर्च गच्च भरलेलं. गुडघ्यामुळे इतके रविवार घरीच राहिलेली रौहा पहिल्यांदाच खाली बसली होती, बेकरीवाल्या हेल्वीशेजारी, काठी दोन गुडघ्यांमध्ये धरून. पहिली दोन गाणी सुरळीत झाली. पानं कुठे उलटली तेही कळलं नाही. रौहाने खांदे सैल सोडले.

पाद्रीबाई बोलायला उभ्या राहिल्या. सातव्या मिनिटाला रौहाला एकदम आठवलं.

आर्मास झोपत असे. दर रविवारी, प्रवचन सुरू झालं की तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला, बसल्या बसल्या, हात मांडीवर ठेवून. आणि पाद्रीबाईंचा आवाज उतरणीला लागला की रौहा बुटाच्या टोकाने त्याच्या घोट्याला ढोसत असे. हे काम तिला कुणी दिलं नव्हतं, कुठल्या कागदावर नव्हतं, म्हणून तिने हिशेबातच धरलं नव्हतं. यंत्राची झोप तिने आठवणीने घालवली होती, आणि माणसाची तशीच राहिली होती.

वर जायचं म्हटलं तर त्रेचाळीस पायऱ्या. तिने मागे वळून सज्जाकडे पाहिलं. कठड्यावरून फक्त पांढरं डोकं दिसत होतं, छातीवर कललेलं. कचेरीचे चिटणीस दुसऱ्या ओळीतच बसले होते.

प्रवचन संपलं. आमेन झालं. आता ऑर्गन सुरू व्हायला हवा होता. कुणीतरी खोकलं. पाद्रीबाईंनी सज्जाकडे नजर टाकली. चिटणिसांनीही.

रौहाने काठी उचलली आणि लाकडी जमिनीवर दोनदा आपटली.

सगळं चर्च तिच्याकडे वळलं. तिने समोरच्या खांबाकडे बघत चेहरा असा ठेवला की जणू वयाने हात थरथरला. वर बाक करकरला, आणि ऑर्गन सुरू झाला, तोही असा की आर्मास कधीचा याचीच वाट बघत होता असं वाटावं.

शेवटची मोठी रचना सुरू झाली तेव्हा ऑर्गनच्या जाड नळ्यांचा आवाज जमिनीतून तिच्या तळपायांत चढला. वर तो कधी असा आला नव्हता. वर फक्त खटके आणि श्वास ऐकू यायचे. अर्ध्यावर आल्यावर तिचा डावा हात मांडीवरून आपोआप उठला, अंगठा आणि बोट पानाचा कोपरा धरायच्या बेतात. ती बाकावरून किंचित उठलीही. हेल्वीला वाटलं हिला बाहेर जायचंय. तिने जागा करून द्यायला पाय बाजूला घेतले.

“नाही,” रौहा पुटपुटली, “बसतेय.”

वर पान उलटलं. सूर तुटला नाही.

नंतर सभागृहात कॉफी आणि वेलदोड्याचे पाव होते. आर्मास तिच्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

“खालून कसं ऐकू येतं?” त्याने विचारलं. इतक्या वर्षांत हे विचारण्यासारखं त्याला कुणी भेटलं नव्हतं.

“ऐकू येतं,” रौहा म्हणाली. मग कप बशीत ठेवून, “पायातून येतं.”

त्याने मान हलवली. खिशातून ते दोन लाकडी चिमटे काढून तिच्या बशीशेजारी ठेवले. मधल्या जागी बोटांनी घासून पिवळे पडलेले.

“आता लागणार नाहीत,” तो म्हणाला. “पुढच्या रविवारी काठी मात्र आण.”

“आणते.”

घरी जाताना बर्फ भुरभुरत होतं. रौहा काठी टेकवत तळ्याच्या कडेने चालली होती, आणि कोटाच्या खिशात तिचा दुसरा हात एक चिमटा उघडत होता, मिटत होता.