बटणाचं नाव

१९९८ साली मी बरकतपुऱ्यातल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये व्हिज्युअल बेसिक शिकवत होते.

“मॅडम, बटण दाबलं तरी काहीच होईना,” अंबाजी कुरकुरला.

त्याने कोड लिहून झाल्यावर स्क्रीनवरच्या बटणाचं नाव बदललं होतं. नवशिके सगळे हेच करतात आणि वर मशीनला शिव्या घालतात.

“कोड अजून जुन्याच नावाखाली पडलाय,” मी म्हणाले. “नव्या नावाकडे तो आपणहून येत नाही.”

संध्याकाळी घरी चहा गाळत होते. बाहेरून सासूबाई अनुराधाला हाका मारत होत्या. मी गाळतच राहिले. शेवटी त्या आत आल्या.

“ऐकू येत नाही का गं?”

महिन्यापूर्वी, लग्नात, ताटातल्या तांदळावर नवऱ्याने अंगठीने लिहिलेलं ते नाव माझंच होतं.