चौथ्या मजल्यावर कुणीच नसतं

जर

डोक्यातला किडा अजून जिवंत असेल, तर या कामात तो वळवळेल. एवढंच मला बघायचं होतं.

किडा हे माझंच नाव. दादाने ठेवलं, शाळेत असताना मी घरचं चालू घड्याळ उघडून बसले तेव्हा. 'हिच्या डोक्यात किडा आहे,' तो म्हणाला. पुढे मी प्रोग्रॅमर झाले. प्रोग्रॅममधल्या चुकीलाही किडाच म्हणतात, म्हणून ऑफिसातल्यांनी ते नाव आनंदाने उचललं.

आमची कंपनी लिफ्टचा मेंदू बनवते. बटण दाबल्यावर चार लिफ्टपैकी कुणी धावायचं, हे ठरवणारा प्रोग्रॅम. पहिला मी लिहिला, नोकरीला लागल्या लागल्या. तेव्हा सुट्टीच्या दिवशीसुद्धा मी अनोळखी इमारतींच्या तळमजल्यावर उभी असायचे. वाट बघणारी माणसं किती वेळाने एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकतात, ते बघत. नवऱ्याला, म्हणजे तेव्हा तो नवरा नव्हता, पहिल्यांदा फिरायला नेलं तेही लिफ्टमधूनच. वर, खाली, पुन्हा वर. 'मला गरगरतंय,' तो म्हणाला. मला वाटलं, प्रेमात.

मग अतीच झालं. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी चपला घातल्या आणि दारातच बसून राहिले. उठताच येईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तोल सांभाळा. सांभाळला. आता लॅपटॉप ऑफिसातच ठेवते, सहाच्या ठोक्याला निघते. कामं वेळेत होतात, चुका कमी. सगळे म्हणतात, छान सावरलीस. पूर्वी हात शिवशिवायचे. आता हात काम करतात.

परवा मॅडमनी बोलावलं.

"एका इमारतीत लिफ्ट उगाच चौथ्या मजल्यावर थांबते. दार उघडतं, कुणी नाही, दार मिटतं. लोक म्हणतात भूत. आपले वरचे म्हणतात प्रोग्रॅम म्हातारा झाला, फेका, तयार विकत घ्या. तू शोधून दिलंस तर हाच ठेवते. याचीच नवी आवृत्ती लिहायला तुझ्या हाताखाली माणसंही देते. शेवटी तुझंच पोर आहे."

"बघते," मी म्हटलं.

दोन वर्षांत पहिल्यांदा मला काहीतरी हवंसं वाटलं. भूत लवकर सापडू नये. त्याने मला छळावं. जेवताना आठवावं, आंघोळ करताना आठवावं, मी साबण लावलेल्या अंगाने बाहेर येऊन कागद शोधावा.

तर

मी त्या इमारतीत गेले. दारावरचे वॉचमनकाका बशीत चहा ओतत होते.

"भूत काढायला आलात?"

"हो."

"मंत्र येतो?"

"डिग्री आहे."

"मग अवघड आहे," ते म्हणाले आणि बशी तोंडाला लावली.

मी चौथ्या मजल्यावर जाऊन उभी राहिले. तिथे एक दाताचा दवाखाना आहे. दार उघडलं, गालावर रुमाल धरून एक गृहस्थ बाहेर आले. दवाखान्यातून सुटलेल्या माणसाची घाई काय सांगावी. बटण दाबलं, पुन्हा दाबलं, लिफ्ट येऊन तिचं दार उघडत असतानाही दाबलं. आत शिरले, गेले. थोड्या वेळाने शेजारची दुसरी लिफ्ट आली. दार उघडलं. तिच्यासमोर मी, पण ती माझ्यासाठी आलेली नव्हती.

ते शेवटचं दाबणं. पहिली लिफ्ट पोचलेली असते, म्हणून तो निरोप दुसरीला जातो. माणूस निघून जातो. दुसरीला 'आता राहू दे' म्हणायला हवं, ते कुणी म्हणत नाही. ते प्रोग्रॅममध्ये लिहायला मी विसरले होते, वयाच्या चोविसाव्या वर्षी.

झालं. काकांची बशीही रिकामी झाली नसेल.

मी तिथेच उभी राहिले. आता येईल, म्हटलं. असं काही उलगडलं की माझ्या कानाच्या पाळ्या गरम व्हायच्या. रस्त्यात कुणालाही धरून सांगावंसं वाटायचं. मी चक्क कानाला हात लावून बघितला. गार. चष्मा कुठे ठेवला ते आठवावं, तितकंच झालं होतं.

रुमालवाल्या आणखी दोघांना जाताना पाहिलं. मग जिन्याने उतरले.

नाहीतर

'सापडलं नाही' म्हणायचं. येताना बसमध्ये हेच घोळवत होते. फेकू देत. पण जागेवर बसले आणि हातांनी नीट करून टाकलं. दोन ओळी.

मॅडम खुर्चीतून उठल्याच. "किडा तो किडाच. बोल, माणसं कधीपासून देऊ?"

"नको."

"अगं, जमेल तुला."

"जमेल. म्हणूनच नको."

त्यांना ते कळलं नाही. मलाही नीट सांगता आलं नसतं. जमतंय तोपर्यंत कुणी विचारणार नाही, की ही आत आहे का.

"घरी काही झालंय का?"

"घरी सगळं छान आहे."

"मग थोडी विश्रांती घे."

"तीच घेतेय, मॅडम. दोन वर्षं."

तोवर

सहा वाजले. घरी आले तेव्हा नवरा वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होता.

"सापडलं?"

"सापडलं."

त्याने हातातला शर्ट खाली ठेवला आणि मांडी घालून बसला. पूर्वी असं काही सापडलं की मी दारातूनच सुरू व्हायचे आणि तो म्हणायचा, अगं, श्वास तरी घे. आता तो वाट बघत होता.

म्हणून मी सुरू केलं. डावा हात पहिली लिफ्ट, उजवा दुसरी. गाल फुगवून दातवाल्या गृहस्थांची नक्कल केली. तो हसला. मग हसणं थांबवून माझ्या हातांकडे बघत राहिला.

"राहू दे."

"अरे, खरी मजा पुढेच आहे."

"राहू दे गं. माझ्यासाठी नको करूस."

हात तसेच वर राहिले होते. खाली घेतले.

"उद्याही सहाला येशील?" त्याने विचारलं.

"हो."

याच उत्तरासाठी तो पूर्वी भांडायचा, जेवण सोडायचा. आता नुसती मान हलवली. ढिगातून चादर ओढली आणि दोन टोकं माझ्याकडे दिली. मी धरली. तो मागे सरकत भिंतीपर्यंत गेला.

"तुझी बाजू उलटी आहे," तो म्हणाला.

मी सुलटी केली.