मिस्त्रींचा तिसरा कान

मित्रांनो, स्क्रू पिळण्याचे काम मी केव्हाच सोडले. माझे टोक झिजले आहे, लाकडी मुठीला चीर गेली आहे आणि तिच्यावर चिकटपट्टीचे वेढे आहेत. मी एक जुना, हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर आहे आणि खरे सांगू, फार थकलो आहे.

कारखान्यात मला तापवले, ठोकले, तेलात बुचकळले. ते फारसे आठवत नाही. आठवते ते गॅरेजमधले मिस्त्रींचे पहिले वाक्य : "हा लांब आहे. हा ऐकायला ठेवतो."

चालू इंजिनावर माझे टोक टेकवायचे आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची, ही त्यांची पद्धत. इंजिनाच्या पोटातली कुरकुर माझ्या अंगातून त्यांच्यापर्यंत जाई. "बेअरिंग," ते म्हणत आणि बेअरिंगच निघे. लोक त्यांच्या कानाचे गोडवे गात. माझे नाव कोणी घेत नसे. वाईट वाटे, पण कामाचा आनंद होता.

पुढे मिस्त्रींच्या मुलीने गॅरेज हाती घेतले. बिघाड शोधणारा कॉम्प्युटर आला आणि मी जळक्या बल्बांच्या ड्रॉवरमध्ये गेलो. मिस्त्री अधूनमधून मला काढत, तेवढेच; पण हल्ली आवाज ओळखायला त्यांना फार वेळ लागे आणि मला भीती वाटे. एकदा तर कोणीतरी माझ्या टोकाने रंगाचा डबा उघडला. तो अपमान मी अजून विसरलेलो नाही.

गेल्या आठवड्यात चित्रकलेचे मास्तर त्यांची म्हातारी गाडी घेऊन आले. पाण्याचा पंप त्यांनी घरीच बदलला होता आणि तेव्हापासून इंजिन बारीक टकटक करत होते.

"एकही बोल्ट उरला नाही हो! मला वाटलं, जमलं," मास्तर म्हणाले.

कॉम्प्युटरला काही सापडेना. "बाबा, आवाज आतून येतोय वाटतं. इंजिन खोलावं लागेल," मुलगी म्हणाली. मास्तरांचा चेहरा पडला. इतके जुने इंजिन एकदा खोलले की पुन्हा धड जोडले जाईल याची खात्री नव्हती.

मिस्त्रींनी मला काढले. टोक पंपाशी टेकताच टकटक माझ्यात शिरली. आवाज बाहेरचाच होता. मी जीव तोडून तो वर पोचवला, पण मिस्त्रींच्या चेहऱ्यावर काहीच उमटले नाही. त्यांनी मला चार ठिकाणी फिरवले. मला जी भीती होती, तीच खरी ठरली.

मास्तर आशेने बघत होते. "आतूनच..." मिस्त्रींनी सुरुवात केली आणि ते थांबले. मग त्यांनी मला मुलीच्या हातात दिले.

"तू लाव, पोरी. मला वर्षभरापासून बारीक आवाज ऐकू येत नाहीत. सांगायची लाज वाटत होती."

"अहो बाबा, मग मागच्या महिन्यात त्या गाडीचा आवाज ओळखलात तो?"

"अंदाज."

"आणि म्हणून टीव्ही एवढा मोठा लावता होय!" ती हसली, पण तिचे डोळे भरले होते.

तिने मला चुकीचे धरले. मिस्त्रींनी तिचा हात कानामागे सरकवला. "डोळे मीट. घाई करू नकोस."

पंपाशी पोचताच ती ओरडली, "इथे! बाहेरच आहे!"

मास्तरांनी एक लांब आणि एक आखूड बोल्ट अदलाबदल करून बसवले होते. लांब बोल्टाचे टोक मागून बाहेर येऊन फिरत्या पुलीला लागत होते. तिने दोन्ही बोल्ट आपापल्या जागी बसवले आणि इंजिन सुरू केले.

मित्रांनो, अवजारे पुसून जागेवर ठेवा, एवढे मी सांगणारच. पण घरात कोणी टीव्ही मोठा लावत असेल, तर खेकसण्याआधी जवळ जाऊन विचारा. विचारायला कोणी आले की सांगणे सोपे जाते.

त्या दिवशी इंजिन शांत चालत होते. मास्तर टाळ्या वाजवत होते. मिस्त्री इंजिनाकडे एकटक बघत उभे होते.

"थांबला का गं?" त्यांनी विचारले.

मुलगी त्यांच्या कानाशी वाकली. "थांबला, बाबा."